नाखवाच्या हातचा लेप

भाल्या सायकलीसकट बांधावरून उडाला आणि पुढचं चाक त्याच्याबरोबर गेलं नाही. चाक आणि शॉकअपचे दोन्ही पाय खाली लोंबले. ब्रेकच्या नळीने त्यांना जरासं धरून ठेवलं, मग नळीही तुटली. हँडलाखाली दोन गुळगुळीत दांडे उरले. त्या दांड्यांवर भाल्या खाली आला. दांडे मातीत रुतले, सायकल जागच्या जागी उभी राहिली आणि भाल्या पुढे गेला. बांधाखाली शेतातून काढलेले दगड रचून ठेवले होते. तो त्यांच्यावर डोक्याने आपटला.

मी जवळच मुंबईच्या एका पाहुण्याच्या सायकलीत हवा भरत बसले होते. आवाज फार मोठा झाला नाही. पाहुण्यांतल्या एकाने टाळी वाजवली. त्याला वाटलं, चाक वेगळं होणं हा दाखवायच्या खेळातलाच भाग आहे.

मी पंप टाकला आणि बांधाखाली उतरले. हेल्मेट मधोमध चिरलं होतं. कानातून रक्त येत होतं. श्वास चालू होता, पण घोरल्यासारखा. दुसरा पाहुणा मोबाइल धरून उभा होता. त्याला म्हटलं, "तो खिशात घाल आणि ह्याचं डोकं दोन्ही बाजूंनी धर. हलवायचं नाही. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही." त्याने धरलं. वरच्या वाडीतल्या लोकांनी एका घराचं दार बिजागरीतून काढून आणलं. त्या दारावर भाल्याला निजवला, शब्बीरच्या टेम्पोत घातला आणि अलिबागला नेला. तिथल्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं. मांडव्याहून रुग्णवाहिका बोटीवर चढवून पलीकडे नेली. मी मांडव्यापर्यंत गेले. पुढे भाल्याची बायको संगीता आणि तिचा भाऊ गेले. बोट सुटली तेव्हा भाल्याने डोळे उघडलेले नव्हते.

आता मागचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमचं दुकान काशीदच्या अलीकडे, अलिबाग-मुरूड रस्त्याला आहे. सासऱ्यांनी तासावर सायकली देण्यापासून सुरुवात केली. नंतर मोटारसायकलची कामं आली. दुकान आमच्या ह्यांच्या नावावर आहे आणि लोक ह्यांनाच शेठ म्हणतात. हे पुढे टेबलाशी बसतात आणि गिऱ्हाइकाला राजकारण सांगतात. मागे पान्यांपाशी मी असते. शाळा माझी चौथीपर्यंत. पाने वापरायला तेवढी पुरली.

साध्या सायकलीचं पुढचं चाक ज्यात बसतं त्याला आम्ही चिमटा म्हणतो. तो सरळ लोखंडाचा असतो आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मनगटापर्यंत जसाच्या तसा पोचवतो. डोंगरात चालवायच्या सायकलीच्या चिमट्यात शॉकअप असतो. वरून दोन चकचकीत दांडे येतात, खालून दोन जाड पोकळ पाय येतात. दांडे पायांत वरखाली सरकतात. चाक पायांना बसवलेलं असतं. एका पायात हवा असते, ती स्प्रिंगचं काम करते. दुसऱ्यात तेल असतं. हवेने दबलेला शॉकअप उसळी मारून वर येणार, ती उसळी आवरायचं काम तेलाचं. बँकेचं दार सोडून दिलं तरी धाडकन न आपटता हळू मिटतं, तशातलंच हे काम. तेलाला बारीक भोकातून जावं लागतं, म्हणून वेळ लागतो. किती वेळ लागावा ते एका गुंडीने ठरवतात.

आणि दांडे पायांत धरून ठेवतं कोण? प्रत्येक पायाच्या बुडाशी खालून घातलेला एक बोल्ट. दोन पाय, दोन बोल्ट. बाकी काही नाही. सायकल जमिनीवर असताना माणसाचं वजनच दांड्यांना पायांत दाबून ठेवतं, बोल्ट नसले तरी कळत नाही. सायकल हवेत गेली की कळतं.

मोटारसायकलच्या शॉकअपची तेल अडवणारी सिलं मी वर्षानुवर्षं बदललेली, त्यामुळे पहिला सायकलीचा शॉकअप आला तेव्हा मी काही विचारलं नाही. हवा न सोडताच वरचं झाकण फिरवलं. झाकण माझ्या कानाजवळून गेलं आणि छताच्या पत्र्यातून बाहेर पडलं. पत्र्याला भोक आहे. पावसात तिथून गळतं, आणि हे आपली खुर्ची त्याच्या उजवीकडे ठेवतात. तेव्हापासून मी आधी हवा सोडते.

शॉकअप लावून देणं म्हणजे काय असं लोक विचारतात. दुकानात आलेला प्रत्येक माणूस आधी हँडल दोन्ही हातांनी दाबून बघतो, बाजारात आंबा दाबतात तसं, आणि म्हणतो, "कडक आहे." किंवा म्हणतो, "नरम आहे." हाताने काही कळत नाही. सायकलीवर बसावं लागतं. माझं माहेर रेवदंड्याकडचं, कोळीवाड्याला लागून. होडी रिकामी असली की पाण्यावर डुचमळते, फार भरली की काठावरून पाणी आत येतं. ठरावीक बुडली की नीट चालते. शॉकअपचंही तेवढंच आहे. माणूस नुसता बसला की शॉकअप थोडा बुडायला हवा, दांडे एकूण जेवढे सरकू शकतात त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका. मी दांड्यावर कोथिंबिरीच्या जुडीचा रबर चढवते, खाली पायाला टेकवून. माणसाला बसवते, हळूच उतरवते. रबर वर सरकलेला असतो, तेवढं बूड. जास्त असेल तर हवा भरायची, कमी असेल तर सोडायची. मुंबईच्या बायका बसण्याआधी पाठीवरची पिशवी, पाण्याची बाटली, कधी चपलासुद्धा काढून ठेवतात आणि म्हणतात, "वजन मोठ्याने सांगू नका हं." मी त्यांना सगळं परत चढवायला लावते. डोंगरात पिशवी काय मी घेऊन येणार आहे?

आमच्याकडे एक पाववाला येतो. भल्या पहाटे पावाच्या गोण्या हँडलाला अडकवून चार गावं फिरतो. त्याला कोणीतरी शॉकअपची सायकल दिली. मी गोण्यांसकट बसवून हवा भरून दिली. दुसऱ्या दिवशी तक्रार. "काकी, जाताना लोण्यासारखी जाते. येताना रिकामी असते तर लाकडासारखी आपटते."

"मग येताना काहीतरी घेऊन ये."

"काय घेऊन येऊ?"

"बायकोला विचार. तिला काही ना काही हवंच असेल."

आता तो येताना नारळ आणतो. तक्रार बंद आहे.

भाल्या माझा गिऱ्हाईक फार पूर्वीपासूनचा. नाव भालचंद्र, पण ते शाळेच्या दाखल्यापुरतं. बाप जोमा नाखवा. नाखवा म्हणजे होडीचा मालक, समुद्रावर ज्याचा शब्द चालतो तो. नाखवाची होडी म्हातारी झाली, मासळी कमी झाली, त्याने होडी विकली. भाल्याने समुद्र धरलाच नाही. डोंगरावरच्या वाडीपासून खाली किनाऱ्यापर्यंत जंगलातून एक पायवाट येते. त्या वाटेने तो पाहुण्यांना सायकलीवरून उतरवायचा. मुंबईच्या एका नवराबायकोने आपल्या दोन जुन्या सायकली विकायला काढल्या, त्या त्याने घेतल्या. एक स्वतःला, एक संगीताला. चांगल्या होत्या, वजनाला हलक्या. संगीता त्याच्याइतकीच चालवायची. पोर झाल्यावर तिची सायकल जाळी ठेवायच्या खोपटात गेली.

पहिली दोन वर्षं भाल्या पावसाळा संपला की शॉकअप उघडायला माझ्याकडे आणायचा. मग मी त्याला हवा भरायचा पंप मिळवून दिला. पंप आला की माणसाला वाटतं, शॉकअप आपल्याला कळला. तो यायचा बंद झाला. पंप दिला नसता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. वाटून उपयोग नाही.

भाल्याला बोटीवर चढवल्यावर मी वाडीवर परत गेले. मोडलेली सायकल, चाक, पाय सगळं गोळा केलं आणि दुकानात आणून फडक्यावर मांडलं. हे म्हणाले, "पोलीस विचारतील, हात लावू नकोस." मी म्हटलं, "विचारायला आले तर चहा पाज." पोलीस येऊन गेले, भाल्या पडला त्या दगडांचे फोटो काढून गेले. सायकलीबद्दल त्यांनी एकच विचारलं, गिअरची आहे का?

पाय उलटे करून बघितले. दोन्ही पायांच्या बुडाला पांढरा थर होता, दगडासारखा घट्ट. मला तो ओळखायला वेळ लागला नाही. आमच्याकडे पावसाआधी होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि तळाला लेप देतात. चुना तेलात मळायचा आणि हाताने फासायचा. लाकडात किडा शिरत नाही, खारं पाणी मुरत नाही. नाखवाने उभा जन्म ते केलं. होडी विकल्यावर त्याच्या हाताला काम उरलं नाही. तेव्हा तो मुलाच्या सायकलीकडे वळला. समुद्राच्या वाऱ्याने सायकल गंजू नये म्हणून त्याने खालून लेप दिला. जिथे पाणी लागतं तिथे, बुडाला. होडीला देतात तसा.

लाकडाला चुना चालतो. लोखंडालाही फारसं काही होत नाही. हलक्या, महाग शॉकअपचे ते दोन बोल्ट मात्र लोखंडाचे नसतात, ॲल्युमिनियमचे असतात. तंबाखू खाणाऱ्याला विचारा. ॲल्युमिनियमच्या डबीत ओला चुना ठेवला तर डबी काळी पडते, मग तिला भोकं पडतात. पाय दुसऱ्या धातूचे होते, त्यांना काही झालं नव्हतं. वरून पाहणाऱ्याला शॉकअप ठणठणीत दिसत होता. मी छिन्नीने लेप उडवला. आत बोल्टाच्या डोक्याऐवजी राखाडी भुगा होता. बोटाने निघाला.

मी तो भुगा ह्यांना दाखवला.

"नाखवाला सांगणार?" ह्यांनी विचारलं.

"सांगायला नको?"

"अगं, पोरगा तिथे पडलाय नळ्या लावून. म्हातारा छाती फुटून मरेल. कोणाला सांगू नकोस. बोल्ट गंजले म्हण."

हे जन्मात कधी दुसऱ्याचा विचार करत नाहीत. ह्या वेळी केला, म्हणून मी ऐकलं. संगीता घरी ठेवलेल्या आपल्या लहान पोराला बघायला मुंबईहून आली तेव्हा दुकानात आली. डोळे सुजलेले, केस बांधलेले नव्हते.

"काकी, काय झालं होतं सायकलीला?"

"खालचे बोल्ट गेले."

"गंजून?"

"गंजून म्हण. भाल्या कसा आहे?"

"काचेतून बघायला देतात. छाती वरखाली होते. मी हाका मारते, त्याला ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणतात, थांबा. कशाला थांबायचं ते सांगत नाहीत." मग म्हणाली, "भाऊ आहे तिथे. मागून आलेल्या सासऱ्यांनाही उद्या परत पाठवतोय तो. ते खाली दाराशी बसून राहतात, कोणी जेवायला बोलावलं तर उठत नाहीत."

मी तिला पाणी दिलं. ती गेली. त्या वेळी मला तिच्या सायकलीची आठवण झाली नाही. खोपटात पडलेली सायकल, ती कोण आठवतो?

पुढे रविवारी सकाळी नाखवा स्वतः दुकानात आला. हातात पत्र्याचा डबा. दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे. हे टेबलाशी होते, त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

"वयनी, जुनं ऑइल हाय का?" नाखवा म्हणाला. "माझं तेल संपलं."

"कशाला?"

"चुना मलायला."

"होडी कुठे आहे तुझी आता?"

"होडी न्हाय. सायकली." तो स्टुलावर बसला. दाढी वाढलेली होती. "मना आता कललंय काय जालं ते. भाल्याच्या सायकलीला औंदा मी एकच हात दिला व्हता. पाठीत उसण भरली व्हती, म्हनून दुसरा दिलाच न्हाय. पातल लेप. तिथनं पानी शिरलं. माझ्या कंटाल्यापायी जालं हे." त्याने हात बघितले. "सुनेच्या सायकलीला दरसाल दोन हात देतो. खोपटात असली तरी देतो. काल त्यावर आनखी एक दिला, जाड. तिची मोडाची न्हाय."

ह्यांचा पेपर खाली आला.

मी विचारलं, "तिची सायकल कुठे आहे आता?"

"ती घेऊन गेली ना वर. सक्कालीच. पाहुने आधीच ठरले व्हते. म्हनाली, घरात बसून भिंतीकडं बघन्यापरीस जाते."

मी फडकं आणलं, त्यात बांधून ठेवलेला भुगा त्याच्या पुढ्यात ठेवला आणि सांगितलं. सावकाश सांगायला वेळ नव्हता. म्हटलं, "नाखवा, पाणी शिरलं नाही. चुन्याने बोल्ट खाल्ले. हे बघ. हे बोल्ट होते. लेप पातळ होता म्हणून नाही, लेप होता म्हणून झालं. आणि संगीताच्या सायकलीला तू ह्याच्यापेक्षा जास्त दिलायस."

हे म्हणाले, "अगं, हळू."

नाखवाने भुगा चिमटीत धरला, बोटांत चोळला. तंबाखूत चुना मळतात तसाच चोळला. मग तो उठला आणि म्हणाला, "शब्बीरला बोलाव."

शब्बीरची रिक्षा समोरच्या वडाखाली असते. टेम्पो त्याच्या भावाचा, रिक्षा त्याची. मी मागे नाखवाबरोबर बसले, मांडीवर पान्यांची पिशवी. संगीताचा फोन लागेना. वाडीवर फोन लागतच नाही, हे ठाऊक असून मी परत परत लावत होते. वाडीचा रस्ता कच्चा. शब्बीर खड्डे चुकवत नव्हता.

"काकी, ती निघाली असेल का?" शब्बीरने विचारलं.

"मला काय विचारतोस? पुढे बघ."

"निघाली असली तर बांध कितीसा लांब राहतो?"

"शब्बीर, गप्प चालव."

नाखवाने सगळ्या वाटेत एकच प्रश्न विचारला. "बांधावरनं ती उडी मारते?"

"भाल्यापेक्षा लांब मारते," मी म्हटलं. खोटं कशाला सांगायचं?

वाडीवर पोचलो तेव्हा पाहुणे झाडाखाली हेल्मेटं घालून उभे होते. एक बाई म्हणाली, "मॅडम पुढे गेल्या. वाट दाखवायला. आम्हाला म्हणाल्या, मी खालून हाक मारली की एकेक या." वाडीच्या टोकाशी जाऊन बघितलं. उताराच्या दुसऱ्या वळणावर लाल हेल्मेट दिसलं, झाडांत गेलं, पुन्हा दिसलं. त्याच्या खाली एक वळण राहिलं होतं, आणि मग बांध.

मी ओरडले. माझा आवाज दुकानात पुरतो, डोंगरात नाही. शब्बीरने रिक्षाचा हॉर्न वाजवला. तिने मागे बघितलं नाही. जंगलात हॉर्न ऐकून कोण थांबतं?

तेव्हा नाखवा पुढे झाला. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक घातली. होडीवरून होडीला घालतात ती हाक. शब्द नसतो तिच्यात, नुसता लांब आवाज असतो, पोटातून काढलेला, आणि तो वाऱ्यावर चालतो. भरसमुद्रात इंजिनाच्या आवाजावर ती ऐकू जाते. वर्षानुवर्षं त्याने ती काढली नव्हती. वाडीतली कुत्री गप्प झाली.

लाल हेल्मेट थांबलं.

नाखवाने परत हाक दिली. संगीता कोळ्याची पोर, कोळ्याची सून. ती हाक घरचं माणूस गेल्यावरही घालतात, किनाऱ्यावरून होडीला कळवायला. तिने सायकल सोडली आणि वाटेतच खाली बसली.

मी उतरत गेले. माझे गुडघे चालत नाहीत, बसत बसत उतरले. नाखवा माझ्या पुढे गेला. मी पोचले तेव्हा ती दोन्ही हातांनी जमीन धरून बसली होती आणि विचारत होती, "गेला का? बाबा, गेला का?"

"न्हाय," नाखवा म्हणत होता. "न्हाय गं बाय. हाय तो. तसाच हाय."

"मग हाक कशाला घातली?"

"सायकल सोड म्हनून."

तिला कळेना. मी आडवी पडलेली सायकल उभी केली. बुडाला पांढरा लेप होता, वरचा ओला, आतला घट्ट. मी एका हाताने हँडल वर उचललं आणि दुसऱ्या हाताने चाक खाली ओढलं. डावा पाय दांड्यावरून निम्मा खाली सरकला. उजवा अडकून राहिला, म्हणून चाक तिरकं झालं. छिन्नीने उजव्याचा लेप उडवला. बोल्ट होता. नखाएवढा.

संगीताने ते बघितलं. मग लेप बघितला. मग सासऱ्याचे हात बघितले. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

नाखवा म्हणाला, "मीच केलं. भाल्याचं पन मीच केलं." दुकानात त्याला जे सांगितलं तेच त्याने तिला सांगितलं, माझ्यापेक्षा कमी शब्दांत. बोल्ट, चुना, दोन हात. आपली पाठ दुखल्याचं त्याने ह्या वेळी सांगितलं नाही.

मला वाटलं, ती किंचाळेल. मी तिच्या जागी असते तर हाताशी आलेला पाना फेकला असता. तिने हेल्मेट काढलं, केस बांधले. वर बघितलं. पाहुणे एका ओळीत उभे राहून खाली बघत होते.

"बाबा," ती म्हणाली, "ते लोक वर थांबलेत. त्यांना चालत खाली न्यायला हवं. तुम्ही पुढे चला, मी त्यांना आणते."

"मी तुला काय सांगतोय ते आयकलंस?"

"ऐकलं. चला आधी."

मग ती वर गेली. पाहुण्यांच्या सायकली मी तिथेच एकेक उलट्या करून तपासल्या. त्या आमच्या दुकानच्याच, हंगामभर वाडीवर ठेवलेल्या होत्या, बोल्ट लोखंडी होते, तरी तपासल्या. पाहुण्यांना संगीताने सांगितलं की आज वाटेवर साप आहे, चालत उतरायचं. त्यांना त्यात जास्त मजा आली.

नाखवा माझ्याबरोबर उतरला. बांधाशी आल्यावर तो थांबला. दगडांवर भाल्याच्या हेल्मेटचे तुकडे अजून पडलेले होते. त्याने ते गोळा केले, धोतराच्या सोग्यात घेतले. मला म्हणाला, "वयनी, हा चुना हातावरनं कशानं जातो?"

"ताकाने."

"ताक हाय का तुमच्याकडं?"

"आहे."

दुकानात येऊन ताकाने त्याने हात धुतले. मी ह्यांना म्हटलं, आता तरी त्याच्याशी काही बोला. हे म्हणाले, "नाखवा, चहा?" नाखवा म्हणाला, "दे."

त्यानंतर मी किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांत निरोप दिला, सायकलीला चुन्याचा लेप कोणी द्यायचा नाही. आणखी तिघांनी दिलेला निघाला, तिघेही कोळीवाड्यांतले. दोघांचे बोल्ट लोखंडी होते, एकाचे बदलले. आता कोणी शॉकअपची सायकल आणली की हवेचा विषय नंतर. आधी मी ती उलटी करते आणि खालचे बोल्ट बघते. लोक म्हणतात, काकी, आम्ही फक्त हवा भरायला आलोय. मी म्हणते, बसा.

भाल्याने डोळे उघडले ते पावसाच्या तोंडावर. पहिल्यांदा त्याने पाणी मागितलं, दुसऱ्यांदा सायकलीचं विचारलं. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही आणि मासळीचा वास येत नाही. दुसऱ्या गोष्टीची त्याला तक्रार नाही. काय झालं ते त्याला नाखवाने स्वतः सांगितलं, उजव्या बाजूला बसून, म्हणजे ऐकू येईल. भाल्या काय म्हणाला ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

वाडीची वाट आता संगीता चालवते.

भाल्या जगला. संगीताला खरचटलंसुद्धा नाही. जोमा नाखवाला सगळं ठाऊक आहे, आणि तोही जगला.